आईवडिलांपेक्षा मुले किती पुढे गेली: पुणे परिसरातील तालुक्यांची तुलना कशी करावी

गरीब घरात जन्मलेले मूल मोठेपणी कुठवर पोहोचते आणि त्याचे बालपण कोणत्या तालुक्यात गेले याचा त्यात किती वाटा असतो, या प्रश्नाचे उत्तर पुणे परिसरात पदरी मोठा निधी नसतानाही शोधता येते. अमेरिकेत अर्थशास्त्रज्ञ राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आईवडिलांची व मुलांची प्राप्तिकराची माहिती जोडून काउंटीनिहाय (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) उत्तर काढले. आपल्याकडे शेतीचे उत्पन्न करमुक्त आहे आणि बहुसंख्य कुटुंबे विवरणपत्र भरतच नाहीत, त्यामुळे तो मार्ग बंद आहे. माणसांना भेटून, विचारूनच माहिती जमवावी लागते. पुण्याला हे नवे नाही. अर्थशास्त्राचे अभ्यासक सोवनी आणि कुसुम प्रधान यांनी पुणे शहरातील तीन पिढ्यांच्या व्यवसायबदलावरचा लेख १९५५ मध्येच प्रसिद्ध केला होता. तो शहरापुरता होता. आज हेच काम भोवतालच्या तालुक्यांत होण्याची गरज आहे.

आधी हद्द ठरवावी. पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण २०१५ मध्ये स्थापन झाले. हवेली, मुळशी आणि मावळ यांच्याबरोबरच खेड, शिरूर, दौंड, पुरंदर, भोर व वेल्हे (आताचा राजगड) यांचे भागही त्याच्या क्षेत्रात धरले गेले. मात्र २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे पुणे महापालिकेत गेली. म्हणून सर्वांसाठी २०११ च्या जनगणनेतील तालुकाच प्रमाण मानावा. नाहीतर त्यांपैकी शिवणे गावात आयुष्य काढलेला माणूस जागचा न हलता हवेलीकर म्हणून जन्मतो आणि शहरवासी म्हणून मोजला जातो.

यानंतरचा नियम मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो: माणूस आज राहतो त्या तालुक्यात त्याची नोंद करू नये, दहा-बारा वर्षांचा असताना राहत होता त्या तालुक्यात करावी. हिंजवडीचे आयटी पार्क मुळशीत आहे, पण तिथे नोकरी करणारा तरुण परभणीत वाढलेला असू शकतो, आणि त्याचा पगार मुळशीच्या खात्यावर मांडला तर मुळशीच्या शाळांत शिकलेल्या मुलांचे काय झाले हे कधीच कळणार नाही. उलट बाजूने, वेल्ह्यात घरोघर फिरलो तर मागे राहिलेलेच भेटतात. पुढे गेलेले धनकवडी, कात्रज किंवा मुंबईत असतात.

त्यामुळे सुरुवात घरांपासून न करता शाळेच्या जनरल रजिस्टरपासून, म्हणजे दाखल झालेल्या प्रत्येक मुलाची नोंद असलेल्या वहीपासून करावी. मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घेऊन एखाद्या तालुक्यातील काही शाळांच्या, आज पस्तीस ते पंचेचाळीस वयाच्या असलेल्या मुलामुलींच्या तुकड्या निवडाव्यात आणि मधेच शाळा सोडलेल्यांसह प्रत्येक नावाचा माग काढावा. माजी विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर विसंबू नये, कारण ज्यांचे बरे चालले आहे तेच तिथे अधिक बोलतात. मुलींचा शोध सर्वांत कठीण जातो, कारण लग्नानंतर आडनाव आणि गाव दोन्ही बदलते. पण त्यांना वगळले तर निम्मी पिढीच हिशेबातून जाते. बहुतेक पाहण्या एकाच घरात राहणाऱ्या बापलेकांच्या जोड्या मोजतात, आणि मुली नेमक्या त्यातच गळतात. यावर गावातला उत्तम उपाय म्हणजे यात्रेचे दिवस: त्या वेळी शहरात गेलेले गावकरी आणि माहेरवाशिणी दोघेही गावात असतात.

प्रश्न विचारताना रुपयांच्या मागे लागू नये. चाळीस वर्षांपूर्वी वडिलांना किती मिळत होते हे कोणी खात्रीने सांगू शकत नाही. मात्र ते काय करत, कितवीपर्यंत शिकले, जमीन जिरायत होती की बागायत, घर कुडाचे होते की पक्के, हे आठवते. काळ निश्चित करण्यासाठी ओळखीच्या घटना वापराव्यात. ज्येष्ठांना ‘पानशेतच्या पुराच्या वेळी तुम्ही कोणत्या इयत्तेत होता?’ असे विचारले की १९६१ हे वर्ष हाती लागते. तसाच १९७२ चा दुष्काळ. आईचे काम वेगळे आणि आग्रहाने विचारावे. ‘आई घरीच असायची’ असे उत्तर आले तरी ‘खुरपायला, भातलावणीला रोजाने जायची का?’ असा पुढचा प्रश्न विचारला की बऱ्याचदा निराळेच चित्र उभे राहते.

‘कंपनीत आहे’ या उत्तरावरही थांबू नये. परमनंट की कंत्राटी, भविष्यनिर्वाह निधी कापला जातो का, पगार कंपनी देते की ठेकेदार, हे तिन्ही विचारावे. सातवी शिकलेले वडील पिंपरीच्या कारखान्यात कायम कामगार होते आणि डिप्लोमा झालेला मुलगा चाकणला कंत्राटावर आहे, अशा घरात शिक्षण वाढले आणि स्थैर्य घटले. या दोन गोष्टी एकाच आकड्यात कोंबणे म्हणजे त्या घराची खरी गोष्ट पुसून टाकणे होय. दोन्हींचे तक्ते स्वतंत्र ठेवावेत.

आता क्रमांक. वडिलांच्या काळी दहावी पास होणे मोठी गोष्ट होती, आज ती नाही. म्हणून प्रत्येकाचे स्थान त्याच्याच पिढीत शून्य (सर्वांत खाली) ते शंभर (सर्वांत वर) असे काढावे. हा क्रमांक तालुक्याच्या आत काढला तर प्रत्येक तालुक्याची सरासरी पन्नासच येते आणि तुलना संपते. तो सगळ्या जिल्ह्याच्या मानाने काढावा. शिक्षणासाठी जनगणनेतील वयोगट आणि शिक्षणाचा जिल्हा तक्ता उपयोगी पडतो. समजा वडिलांच्या पिढीत ६० टक्के निरक्षर होते, तर त्या सर्वांना शून्य ते साठ यांच्या मधला, म्हणजे ३० हा क्रमांक मिळतो. इतका मोठा गट एकाच पायरीवर आला की जमीन आणि घर यांच्या आधारे त्यात आणखी फरक करावा. मग ज्यांचे पालक खालच्या निम्म्यात होते त्या मुलांच्या क्रमांकाची सरासरी काढावी. खालच्या निम्म्यातील पालकांची स्वतःची सरासरी साधारण २५ असते, म्हणून मुलांचीही २५ आली तर ती पालकांच्याच जागी राहिली, ५० आली तर घराच्या गरिबीचा प्रभाव उरला नाही.

पुण्यात एक गोष्ट वेगळी मोजावीच लागते: जमिनीचा पैसा. मगरपट्ट्यात सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी जमीन न विकता एकत्र येऊन वसाहत उभारली आणि ती कुटुंबेच तिची भागधारक झाली. इतर अनेक ठिकाणी एकरकमी व्यवहार झाले. बंगला आणि गाडी पाहून ‘प्रगती’ असे लिहिण्याआधी सातबारा व फेरफार पाहून जमीन केव्हा, किती गेली हे नोंदवावे, आणि मुलाची स्वतःच्या श्रमाची कमाई निराळ्या रकान्यात ठेवावी. बहिणींनी हक्कसोडपत्र दिले होते का, हेही विचारावे, कारण एकाच घरातील भाऊ वर आणि बहीण तिथेच, असे असेल तर घराची सरासरी दोघांबद्दलही काही सांगत नाही.

नमुना किती घ्यावा? शंभर जणांवरून काढलेल्या टक्केवारीत साधारण दहा अंकांची इकडेतिकडे शक्यता असते, चारशेंवर ती पाचपर्यंत येते. नऊ तालुके अर्धवट करण्यापेक्षा दोन नीट करावेत. मी स्वतः खेड आणि वेल्हे ही जोडी सुचवीन, कारण एकीकडे चाकणचे कारखाने आहेत आणि दुसरीकडे भातशेती व डोंगर.

फरक दिसला तरी तो तालुक्यामुळेच पडला असे लगेच म्हणू नये. अमेरिकेत जागेचा परिणाम वेगळा काढताना चेट्टी आणि त्यांचे सहकारी हेंड्रन यांनी स्थलांतर केलेल्या कुटुंबांतील भावंडे पाहिली होती: धाकट्याने नव्या जागी अधिक वर्षे काढलेली असतात, आईवडील मात्र तेच असतात. आपल्याकडेही भोरहून पुण्यात आलेल्या घरांत थोरल्याने शाळा कोणत्या इयत्तेत बदलली आणि धाकट्याने कोणत्या, एवढे दोन रकाने प्रश्नावलीत पहिल्याच दिवशी घालून ठेवावेत, कारण नंतर त्यासाठी पुन्हा सगळ्यांना गाठणे जमत नाही.