३९१ चे शिखर आणि हातमोजे

डार्ट स्रोतावर, म्हणजे उघड्या हवेत नमुन्याचे आयन बनवून ते वस्तुमान वर्णपटमापीकडे पाठवणाऱ्या साधनावर, कॅफीन तपासताना १९५ चे अपेक्षित शिखर (हे आकडे आयनाचे वस्तुमान भागिले प्रभार असे आहेत) क्षीण दिसत होते आणि त्याहून उंच असे ३९१ चे ठळक शिखर उभे होते. सोबत १४९ हा थॅलेट वर्गाचा परिचित तुकडाही होता, त्यामुळे प्लॅस्टिक मऊ ठेवणारे द्रव्य कुठून तरी येत आहे, एवढे नक्की झाले.

या स्रोतात हेलियमच्या प्लाझ्मातून निघालेले सुमारे १९.८ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेचे उत्तेजित अणू हवेतील बाष्पाचे आयनीभवन करतात आणि तयार झालेले जलसमूह नमुन्याला प्रोटॉन देतात; हे सारे उघड्या हवेत घडत असल्याने जवळपासचे जे काही बाष्प होईल, तेही वर्णपटात उतरते. मी आधी हेलियमच्या नळीवर संशय घेतला आणि दोन दिवस घालवले. नमुन्याविना गरम वायू सोडला तेव्हा ३९१ जवळजवळ दिसेना, तेव्हा कुठे नमुना हाताळण्याच्या पद्धतीकडे लक्ष गेले.

नमुना ज्यावर घेतो ती काचेची केशनळी ज्योतीवर तापवून चिमट्याने धरली, तर वर्णपट स्वच्छ येई. तिचे टोक व्हिनाइलच्या हातमोज्याला ओझरते टेकवले, की ३९१ हजर होई. मिथेनॉलने ओले बोट लागले तर ते आणखी वाढे, कारण हा द्रावक थॅलेट सहज ओढून घेतो.

आता मी नायट्राइलचे हातमोजे वापरतो, मिथेनॉल काचेच्या बाटलीतच ठेवतो आणि प्रत्येक नमुन्याआधी कोरी केशनळी तपासतो. कॅफीनचे १९५ आता निर्विवाद दिसते.