सुरुवात ओल्या कचऱ्यापासून करावी

पर्यावरणस्नेही राहणीचा संकल्प बहुतेक घरांत खरेदीने सुरू होतो आणि खरेदीपाशीच थांबतो. बांबूचे टूथब्रश, स्टीलच्या नळ्या आणि कापडी पिशव्यांचा गठ्ठा घरात येतो, महिनाभराने तो माळ्यावर जातो आणि त्याच्या पाठोपाठ संकल्पही जातो. नवी मुंबईतील नेरुळच्या आमच्या घरात असा एक गठ्ठा अजून आहे. तो माळ्यावर चढवल्यानंतर आम्ही एक नियम केला: एका वेळी एकच सवय बदलायची, ती अंगवळणी पडेपर्यंत दुसरीला हात लावायचा नाही, आणि पहिले तीन महिने शक्यतो काहीही विकत आणायचे नाही. पुढे सांगितलेला क्रम याच नियमातून आला आहे.

पहिली सवय कचऱ्याची असावी, कारण तिचा परिणाम त्याच दिवशी डोळ्यांना दिसतो. घरातील कचऱ्यापैकी साधारण निम्मा ओला असतो. तो सुक्यात मिसळला की चांगला कागदही रद्दीच्या लायकीचा उरत नाही, आणि कचराभूमीवरील ढिगाखाली हवेविना कुजताना त्यातून मिथेन वायू बाहेर पडतो. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा वेगळा देणे बंधनकारक केलेच होते. पहिले दोन आठवडे एवढेच करावे, खताचा विचारही करू नये. घातक कचऱ्यासाठी वेगळा डबा लागत नाही; संपलेले सेल, मुदत टळलेली औषधे आणि गेलेले बल्ब ठेवायला बुटांचे रिकामे खोके पुरते. दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नये, तो पिशवीला लटकता ठेवावा; सुटलेला इवलासा तुकडा कोणीच वेचत नाही, तर धुऊन वाळवलेली अखंड पिशवी भंगारवाला घेतो.

वेगळे करण्याचा हात बसला की खताकडे वळावे. रंगाची रिकामी वीस लिटरची बादली स्वच्छ धुऊन तिच्या तळाला आठ-दहा आणि बाजूंना वीसेक भोके तापवलेल्या स्क्रू ड्रायव्हरने पाडावीत, ती दोन विटांवर ठेवून खाली जुने ताट सरकवावे. तळाशी नारळाच्या शेंड्या आणि काड्या यांचा चार बोटे जाडीचा थर द्यावा, म्हणजे पाणी साचत नाही आणि खालून हवा खेळते. त्यावर रोजची भाजीची देठे, साली आणि गाळलेला चहाचा चोथा बारीक करून टाकावा, आणि जेवढा ओला कचरा पडेल तेवढाच, किंबहुना थोडा अधिक, वाळका पालापाचोळा वर पसरावा. विरजण म्हणून जुन्या खताची एक मूठ किंवा दोन चमचे आंबट ताक पुरेसे असते. तीन-चार दिवसांनी काठीने वर-खाली करावे. ओल नेमकी आहे का, हे पाहण्यासाठी मूठभर मिश्रण दाबून पाहावे; हाताला ओलसरपणा लागावा, पण थेंब गळू नये. मासळी, मटण, दूध आणि तेलकट रस्सा या बादलीत टाकू नये. कोळंबीची साले खताला वाईट नसतात, पण गॅलरीतल्या बादलीला त्यांचा वास झेपत नाही.

आमची पहिली बादली जुलैत बिघडली. त्याच मजल्यावरच्या काकूंनी दारावर येऊन, "तुमच्याकडे उंदीर मेलाय का?" असे विचारले, तेव्हा आम्ही झाकण उघडले. उरलेल्या भाताचा चिकट गोळा झाला होता, ताटात काळे पाणी साचले होते आणि मळकट पांढऱ्या अळ्या कडेने वर चढत होत्या. अळ्यांचा दोष नव्हता. त्या कचरा खाऊन संपवतात आणि माणसाला त्यांचा उपद्रव नसतो. खरी चूक अशी होती, की पावसात वाळकी पाने संपल्यावर आम्ही त्यांच्याशिवायच कचरा टाकत राहिलो होतो. वर्तमानपत्रावर सगळे पसरून अर्धा दिवस वारा दिला, सुताराकडून आणलेला लाकडाचा भुसा आणि फाडलेले पुठ्ठे मिसळले, आणि तिसऱ्या दिवशी वास गेला. तेव्हापासून फेब्रुवारी-मार्चमध्ये सोसायटीच्या आवारात पर्जन्यवृक्षाचा आणि बदामाचा जो पातेरा पडतो, त्यातली दोन पोती आम्ही झाडूवाल्याला सांगून बाजूला ठेवतो. पावसाळ्याची खरी तयारी ती. एक बादली भरली की ती झाकून ठेवून दुसरी सुरू करावी. दोन-अडीच महिन्यांत, पावसाळ्यात त्याहून थोडे उशिरा, मातीसारखा वास येणारे काळसर खत हाती येते. कढीपत्ता आणि तुळशीच्या कुंड्यांना ते पुरून उरते.

दुसरी सवय विजेची. येथे कल्पना लढवण्यापेक्षा महावितरणचे बिल समोर ठेवावे, कारण त्यावर मागील महिन्यांचा वापर छापलेला असतो आणि युनिटचा दर वापराच्या टप्प्यानुसार चढत जातो. टप्पा खाली आला तर बचत दिसते त्याहून मोठी होते. दोन हजार वॉटचा गीझर अर्धा तास चालला की एक युनिट जळते, म्हणून चौघांनी लागोपाठ आंघोळी उरकणे हा फुकटचा उपाय आहे. एसी २४ अंशांवर ठेवून पंखा मंद लावावा; ऊर्जा दक्षता ब्यूरोच्या अंदाजानुसार तापमान एका अंशाने वाढवले की सुमारे सहा टक्के वीज वाचते. जुना पंखा ७५ वॉट घेतो आणि बीएलडीसी (कमी वीज घेणाऱ्या मोटरचा) पंखा साधारण ३० वॉट, म्हणजे रोज बारा तास चालणाऱ्या एका पंख्यामागे महिन्याला सोळा युनिट वाचतात. तरीही सर्व पंखे एकदम बदलू नयेत. सर्वांत जास्त फिरणारा आधी बदलावा आणि बाकीचे बिघडतील तसे बदलावेत.

पाण्याबाबत थोडक्यात सांगता येईल. शहराला पाणी पुरवणारे मोरबे धरण नवी मुंबई महानगरपालिकेच्या स्वतःच्या मालकीचे असल्याने नवी मुंबईकरांना टंचाईची झळ कमी लागते आणि हात सैल सुटतो. शुद्धीकरण यंत्राच्या नळीतून वाया जाणारे पाणी बादलीत धरून लादी पुसायला वापरावे, कुंड्यांना मात्र रोज घालू नये, कारण त्यात क्षार एकवटलेले असतात.

प्रवासाची सवय सर्वांत हट्टी, म्हणून ती मुद्दाम उशिरा घ्यावी. ठाणे-बेलापूर पट्ट्यात नोकरी असणाऱ्यांनी आठवड्यातून एकच ठरलेला वार लोकलचा ठेवावा. नेरुळ-ठाणे गाडी कोपरखैरणे, घणसोली, रबाळे आणि ऐरोलीला थांबते, आणि स्थानकापासून पुढे बस किंवा शेअर रिक्षा मिळते. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, हे ठाऊक असले तरी सकाळी घाईत हात गाडीच्या किल्लीकडेच जातो. म्हणून आदल्या रात्री किल्ली कपाटात ठेवणे हा आमचा बालिश वाटणारा, पण चाललेला उपाय आहे.

वर्षभरात एवढे जमले, तर शेवटी सोसायटीच्या गच्चीचा विषय काढावा, त्याआधी नाही, कारण स्वतःची बादली न सांभाळणाऱ्याचे सर्वसाधारण सभेत कोणी ऐकत नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थांना सामाईक वापराच्या सौर संचासाठी प्रति किलोवॉट १८,००० रुपये अनुदानाची तरतूद आहे. सभेला जाताना दोन कागद सोबत न्यावेत: लिफ्ट, पंप आणि जिन्यातील दिवे ज्या सामाईक मीटरवर चालतात त्याची बारा महिन्यांची बिले, आणि सकाळी दहा व दुपारी तीन वाजता पाण्याच्या टाकीची सावली कुठे पडते हे दाखवणारा गच्चीचा हाताने काढलेला नकाशा.