पानावर नाव टाकताय? या चुका टाळा

गणपती महिन्यावर आले की सोलापुरात रेडियमच्या दुकानांसमोर बँजो पार्ट्यांची आणि लेझीम मंडळांची गर्दी सुरू होते. मोबाइलमध्ये लोगो, खांद्याला बास ड्रम, आणि मागणी एकच: त्याच्या पानावर, म्हणजे तोंडावर ताणलेल्या पडद्यावर, नाव-चित्र संध्याकाळी पाहिजे. निम्मं काम तिथंच बिघडतं.

आपल्या पार्टीतला बँजो कळांचा. त्याला पान नसतंच, नाव येतं ते पेटीवर. त्यामुळे इथं बोलायचंय ते बास, साइड ड्रम आणि ढोलाच्या प्लास्टिकच्या पानांबद्दल. परदेशी गोल बँजो कुणाकडे असलाच, तर त्याचं शेवटी.

पानभर फोटो

सगळ्यांची लाडकी चूक हीच. 24 इंची बासच्या वाजत्या पानावर या कडेपासून त्या कडेपर्यंत बाप्पांच्या फोटोचं स्टिकर. साधा हिशेब मांडा. एकपदरी पान पाव मिलिमीटर जाड असेल तर 24 इंचाला त्याचं वजन साधारण 100 ग्रॅम. त्यावर गोंदासकट 0.1 मिलिमीटरचं व्हिनाइल, म्हणजे स्टिकरचं प्लास्टिक, चढवलं की 35 ते 40 ग्रॅम वाढले. पान जड झालं की सूर उतरतो. गोंदाचा मऊ थर कंप खातो, म्हणून घुमारा मरतो. मग वाजवणारा चावी घेऊन पान ताणत सुटतो. सूर चढतो, घुमारा काही परत येत नाही, आणि अती ताणलेलं पान एखाद दिवशी कडेच्या गोल कडीपाशी सुटतं.

पुढचा तमाशा मिरवणुकीत. उन्हानं गोंद मऊ पडतो आणि टोल नेमका मध्यावर, म्हणजे बाप्पांच्या चेहऱ्यावर बसत राहतो. थोड्या वेळात फोड येतो, फोड फाटतो, फाटलेली कड टोलाबरोबर उचलली जाते. मग कुणीतरी हुशारी करून ती ओढतो. स्टिकर अर्धं निघतं, गोंद तिथंच राहतो, त्यावर गुलाल बसतो. मिरवणूक चौकात पोचेपर्यंत पानावर उरतो बाप्पांचा एक कान आणि लाल चिखल. देवाच्या तोंडावर टोल घालत गावभर फिरायचं, हे मुळात कुणाला खटकत कसं नाही?

वाजत्या पानाचा मधला भाग कोरा सोडा. नाव कडेला, कडीपासून अडीच-तीन इंचांच्या पट्ट्यात, गोलाकार घ्या आणि फक्त अक्षरं कापून घ्या, मागची पाटी नको. ढोल दोन्ही बाजूंनी वाजतो, तेव्हा त्याचं नाव पिंपावर, म्हणजे ढोलाच्या अंगावरच शोभतं. गाडीवरच्या ड्रमसेटच्या बासचं पुढचं पान मात्र मार खात नाही, हौस तिथं भागवा. तिथंही निम्म्याहून जास्त पान झाकू नये.

आधीच चिकटवून बसला असाल तर गोंदावर थिनर ओतू नका. वरून लेप दिलेल्या पानाचा पांढरा थर त्यानं सुटतो. खोबरेल तेल लावून अर्धा तास थांबा, बोटानं चोळा, मग साबणाच्या पाण्यानं धुवा.

देवनागरीचे हाल

व्हॉट्सॲपवर पाठवलेला मजकूर युनिकोडमध्ये असतो. बऱ्याच दुकानांतले फाँट जुन्या पद्धतीचे. तिथं मजकूर तसाच डकवला की वेलांटी एकीकडे, रफार दुसरीकडे. ‘सिद्धेश्वर’ हे नाव सोलापुरात प्रत्येकाच्या तोंडी आहे, तरी त्यातला ‘द्ध’ नीट कापलेला पाहायला मिळणं दुर्मीळ. मजकूर दुकानदाराकडूनच टाइप करून घ्या, ए-फोर कागदावर प्रिंट काढा, आणि टाइप न केलेल्या माणसाला मोठ्यानं वाचायला लावा. पाच मिनिटं लागतात. ती कुणाकडे नसतात, पण नंतर पुन्हा रांगेत उभं राहायला तासभर असतो.

दुसरी भानगड शिरोरेषेची. अक्षरं एकमेकांना टेकलेली दिसली तरी कॉम्प्युटरला ती सुटीच असतात. ती वेल्ड, म्हणजे जोडून एकसंध, केली नाहीत तर प्लॉटर (स्टिकर कापणारं यंत्र) प्रत्येक सांध्यावर चीर पाडतो आणि शब्द चिकटवताना तुकडे हातात येतात. अनुस्वार 8 मिलिमीटरपेक्षा लहान ठेवला तर तो पहिल्या दिवशीच गळणार. निमुळत्या टोकांची सुलेखनी अक्षरंही टोकाकडून उचलतात. जाड, बोथट अक्षर घ्या.

बाकीचं थोडक्यात

नवं पान चढवून लगेच चित्र काढू नका. ते अजून ताणलं जाणार असतं. समोरासमोरचे बोल्ट जोडीनं आवळा, रात्रभर ठेवा, सकाळी पुन्हा आवळा, मग हात लावा. चिकटवण्याआधी पान स्पिरिटनं पुसा, हाताचं तेल लागलेलं असतं. बास गळ्यात अडकवून मध्य आणि वरची बाजू पेन्सिलीनं आखा. टेबलावर सरळ दिसणारं नाव गळ्यात तिरकं होतं. फ्लेक्स कापून फेव्हिकॉलनं डकवणाऱ्यांना काय सांगावं? प्लास्टिक पाणी शोषत नाही, तिथं तो धरणारच नाही. आणि 14 एप्रिलच्या मिरवणुकीसाठीचं काम दुपारी करू नका. तापलेल्या पानावर गोंद टेकताक्षणी धरतो, सरकवायला वाव राहत नाही.

रंगानं करायचं असेल तर

गुळगुळीत प्लास्टिकवर ऑइल पेंट वाळून कडक होतो आणि पान हललं की तडकतो. पारदर्शक पान असेल तर आतल्या बाजूनं रंगवा, वरून टोल लागला तरी रंग थेट खरवडला जात नाही. मात्र चित्र उलटं काढावं लागतं आणि क्रमही उलटा: आधी बारीक रेघा, मग अंगाचे रंग, शेवटी पार्श्वभूमी. काचेवर उलट्या बाजूनं पाटी रंगवणाऱ्या पेंटरला हे सांगावं लागत नाही. ॲक्रिलिकचे दोन पातळ हात द्या, दोहोंमध्ये रात्र जाऊ द्या. एकच जाड हात देऊन पंख्याखाली ठेवलेलं काम पापडासारखं सुटतं.

आता तो परदेशी बँजो. त्याचं पान बहुधा 11 इंची. घोडी, म्हणजे तारा पेलणारी पट्टी, पानाला चिकटवलेली नसते, तारांच्या दाबानं उभी असते. तिच्या पायाखाली स्टिकरची कड आली की पाय डगमगतो आणि सूर हलतो. घोडीच्या भोवती दोन इंच जागा मोकळी सोडून चित्र कडेकडेनं न्या. उजवा हात टेकतो त्या जागीही काही नको, घामानं आठवड्यात कड उचलते.