फुटपाथवर पडून जखमी झालात? भरपाई अशी मागा

उखडलेला पेव्हर ब्लॉक, झाकण नसलेला चेंबर, जमिनीतून वर आलेला गज. हाड मोडतं, बिल आपण भरतो आणि नशिबाला बोल लावून गप्प बसतो. गप्प बसू नका. खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास ६ लाख रुपये आणि जखमींना दुखापतीनुसार ५० हजार ते अडीच लाख रुपये द्यावेत, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने १३ ऑक्टोबर २०२५ रोजी दिला आहे.

आधी पुरावा

सगळा दावा यावरच उभा राहतो. तक्रार गेली की खड्डा रातोरात बुजवला जातो, म्हणून घरच्या कुणाला तरी त्याच दिवशी तिथे पाठवा. एक फोटो जवळून, एक लांबून, ज्यात दुकानाची पाटी किंवा विजेच्या खांबाचा नंबर दिसेल. खोली कळावी म्हणून शेजारी पाण्याची बाटली ठेवा. ज्यांनी उचललं त्यांची नावं आणि फोन नंबर घ्या. समोरच्या दुकानात सीसीटीव्ही असेल तर चित्रण लगेच मागा, ते फार दिवस राहत नाही.

दवाखान्यात केसपेपरवर नुसतं ‘पडल्यामुळे दुखापत’ असं लिहू देऊ नका. कुठे, कशात अडकून पडलात तेही लिहून घ्या. मग पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. औषधांच्या पावत्या, रिक्षाचं भाडं, बुडालेल्या पगाराचा दाखला एका फाइलमध्ये ठेवा.

अर्ज कुठे?

महापालिका हद्दीत आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांची समिती भरपाई ठरवते. नगरपालिकेत आयुक्तांच्या जागी मुख्याधिकारी असतात. साधा अर्ज, त्याला पुराव्याच्या प्रती, आणि आवक शिक्का मारलेली प्रत स्वतःकडे. दावा केल्यापासून ६ ते ८ आठवड्यांत पैसे मिळायला हवेत. उशीर झाला तर वर्षाला ९ टक्के व्याज. चेंबर वीज किंवा टेलिफोन कंपनीचा निघाला तर त्यांनाही प्रत पाठवा, नाहीतर जबाबदारी एकमेकांवर ढकलण्यातच महिने जातात.

आदेशात नाव खड्ड्यांचं आणि उघड्या मॅनहोलचं आहे. सुटलेल्या फरशीवर पाय मुरगळला असेल तरीही अर्ज कराच, पण दिवाणी दाव्याची वाट उघडी ठेवा. महापालिकेवर दावा करण्याआधी एक महिन्याची नोटीस द्यावी लागते आणि घटनेपासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल व्हावा लागतो. समितीच्या उत्तराची वाट पाहत ही मुदत हातची घालवू नका; माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. वकील परवडत नसेल तर १५१०० या विधी सेवा हेल्पलाइनवर फोन करा. महिला, मुलं, अपंग आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो.

दरम्यान माहिती अधिकारात १० रुपयांचा अर्ज टाका: हा फुटपाथ कुणी बांधला, कधी, आणि दोषदायित्वाची मुदत (ज्या काळात बांधकामातला दोष कंत्राटदाराने स्वखर्चाने दुरुस्त करायचा असतो) कधी संपते? उत्तर ३० दिवसांत यायला हवं. कंत्राटदाराचं नाव आणि मुदत कागदावर आली की समितीपुढे तुमची बाजू भक्कम होते. कंत्राटदाराचा माणूस थोडे पैसे घेऊन घरी आला, तर ‘तक्रार नाही’ अशा कागदावर वकिलाला दाखवल्याशिवाय सही करू नका.