रविवारच्या ग्रुप राईडला पहिल्यांदा येताय? नवी मुंबईच्या पाम बीच रोडवर यायच्या आधी एवढं वाचा

दर रविवारी कोणीतरी नवीन येतं आणि पहिला प्रश्न ठरलेला, सायकल कुठली घेऊ. अहो जी आहे ती चालेल, हायब्रिड असो नाहीतर भावाची जुनी गिअरवाली. फक्त ब्रेक नीट लागायला हवेत, हेल्मेट आणि मागचा लाल ब्लिंकर हवाच. सीटची उंची बघून घ्या, पेडल सगळ्यात खाली असताना टाच ठेवली की पाय सरळ व्हायला हवा, इतकंच.

आम्ही सानपाड्याच्या मोराज सर्कलवरून साडेपाचला निघतो. एवढ्या पहाटे का, तर नुसत्या उन्हामुळे नाही. खाडीलगतची हवा इतकी दमट असते की घाम वाळतच नाही आणि घाम वाळला नाही तर अंग थंड होत नाही, त्यामुळे मे महिन्यात आरामात चालवली तरी छाती धडधडायला लागते. म्हणून तहान लागायची वाट बघू नका, पंधरा-वीस मिनिटांनी दोन घोट घ्याच. एक बाटली साध्या पाण्याची, एक ओआरएसची, पण अख्खं पाकीट अर्ध्या लिटरमध्ये ओतू नका, ते १ लिटरसाठी असतं. डोकं दुखायला लागलं किंवा घामेजलेल्या अंगावर काटा आला तर लगेच सांगा आणि सावलीत थांबा, लाजू नका प्लीज.

आता खरी गोष्ट, लाईनमध्ये चालवणं. पाम बीच सपाट आणि सरळ आहे म्हणून गाड्या सुसाट असतात, त्यामुळे डावी बाजू आणि एकामागे एक, गप्पा चहाच्या वेळी. पुढच्याच्या मागच्या चाकाला तुमचं पुढचं चाक कधीही बाजूने लावू नका, तो जरा जरी सरकला तर चाकाला चाक घासतं आणि पडतो तो मागचाच. एक सायकलभर अंतर ठेवा. पुढून "खड्डा", "स्लो" आणि मागून "गाडी" असा आवाज आला की तो तुम्हीही ओरडून पुढच्या-मागच्याला द्यायचा, मध्येच कोणी गप्प बसला तर त्याच्या पलीकडच्यांना कळतच नाही. थांबायचं असेल तर हात वर, आधी डावीकडे, मग ब्रेक. बेलापूरकडे जाताना नेरूळ, सीवूड्सकडे वळणारे रस्ते डाव्या हाताला येतात आणि गाड्या तुम्हाला ओव्हरटेक करून अचानक समोरून डावीकडे घुसतात, तिथे वेग कमी करून मान वळवून बघाच. येताना खाडीची बाजू असते, जरा निवांत. शेवटी आमचा एक अनुभवी माणूस असतो, त्याच्या मागे कोणीच राहत नाही, त्यामुळे मागे पडलात तरी एकटे पडणार नाही.

पंक्चरचं सामान स्वतःचं ठेवा, ट्यूब, टायर लिव्हर (टायर रिमवरून काढायची पट्टी), छोटा पंप. मी एकदा सीवूड्सला अडकलो होतो, टायरवाला समोर होता पण माझ्या ट्यूबला बारीक प्रेस्टा वॉल्व्ह आणि त्याचा पंप त्यावर बसेना. तो पितळी अडॅप्टर अगदी स्वस्त मिळतो, तेव्हापासून बॅगेत असतोच.

पावसाळ्यात झेब्राचे पट्टे आणि फ्लायओव्हरच्या लोखंडी जॉइंटवर वळू नका, सरळ जा, चाक सटकतं. रिम ब्रेक (चाकाच्या कडेवर रबर दाबणारा) असेल तर ओल्यात उशिरा लागतो, आधीपासून हलका दाबत राहा. आणि घरी आल्यावर चेन कोरड्या फडक्याने पुसून तेल लावायचं, जास्तीचं पुसून टाकायचं, डिस्क ब्रेक असेल तर डिस्कवर थेंबही पडू द्यायचा नाही. इथल्या खारट हवेत ओली ठेवलेली चेन दोन दिवसांत लाल होते.

बेलापूरची पारसिक हिल लगेच पहिल्या रविवारी नको. चार-पाच राईड झाल्या, येऊन-जाऊन २० किलोमीटर दम न लागता जमले की घेऊन जातो, उतरताना दोन्ही ब्रेक थांबून थांबून दाबायचे, ते तिथेच दाखवतो.