वर्गीकरण शिकवताना आधी गट, मग नावं

सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती ही सजीवांच्या गटांची मोठ्यापासून लहानापर्यंतची यादी फळ्यावर लिहून धडा सुरू केला, की मुलं ती घोकतात आणि परीक्षा झाली की विसरतात. शास्त्रज्ञ गट कशाच्या आधारावर पाडतात, हे राहूनच जातं. म्हणून यादी मागे ठेवा.

१. कार्डं वाटा. चार-चार मुलांना वटवाघूळ, चिमणी, फुलपाखरू, देवमासा, शार्क, सरडा, मगर, वाघ, सिंह, अळिंबी आणि नेचा यांची चित्रं द्या. गट पाडा आणि निकष लिहून ठेवा, एवढंच सांगा. बहुतेक जण ‘उडणारे’, ‘पाण्यात राहणारे’ असे गट पाडतील आणि अळिंबी नेच्याशेजारी ठेवतील. लगेच दुरुस्त करू नका.

२. हाडं रंगवायला द्या. माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यावा. माणसाचा हात, वटवाघळाचा पंख आणि देवमाशाचा पर यांच्या हाडांच्या आकृत्या द्या. दंडाचं एक हाड लाल, त्याखालची दोन निळी, मनगटाची पिवळी, बोटांची हिरवी. आकार कमालीचे वेगळे, पण मांडणी तीच, हे रंगवता रंगवताच मुलांच्या लक्षात येतं. मग फुलपाखराचा पंख दाखवा. त्यात एकही हाड नाही! देवमासा फुप्फुसांनी श्वास घेतो, पिल्लांना दूध पाजतो; शार्क कल्ल्यांनी श्वास घेतो. आता कार्डं पुन्हा लावायला सांगा. उडणं किंवा पोहणं सारखं असलं म्हणून नातं जवळचं ठरत नाही. शास्त्रज्ञ समान पूर्वजाच्या खुणा शोधतात, हे आता सांगितलं तर पटतं.

अळिंबीचं कार्डही इथेच हलवा. तिच्यात हरितद्रव्य नसतं आणि पेशीभित्तिकेत कायटिन असतं, म्हणजे कीटकांच्या कवचात असतो तोच पदार्थ. अळिंबी हे कवक, म्हणजे बुरशीच्या गटातली, आणि कवकांची सृष्टी वेगळी.

३. आता यादी काढा. वाघ घ्या: प्राणी सृष्टी, समपृष्ठरज्जू संघ (पाठीच्या बाजूला आधार देणारा दोरीसारखा भाग असलेले प्राणी), सस्तन वर्ग, मांसभक्षी गण, मार्जार कुल, पँथेरा प्रजाती, टायग्रिस जाती. सिंह त्याच्यापासून कुठे वेगळा होतो? अगदी शेवटी, जातीवर. वटवाघूळ गणावर, चिमणी वर्गावर, फुलपाखरू थेट संघावर. जितक्या खाली साथ, तितकं नातं जवळचं.

४. शास्त्रीय नाव. पँथेरा टायग्रिस, पँथेरा लिओ: आधी प्रजाती, मग जाती. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ कार्ल लिनियसने १७५३ मध्ये वनस्पतींसाठी आणि १७५८ मध्ये प्राण्यांसाठी ही द्विनाम पद्धत सर्वत्र वापरली. हाताने लिहिताना नाव अधोरेखित करायचं, हे सांगायला विसरू नका.

५. वर्गीकरण बदलतं, हेही शिकवा. अमेरिकी शास्त्रज्ञ रॉबर्ट व्हिटेकरने १९६९ मध्ये सजीवांच्या पाच सृष्टी मांडल्या. अमेरिकी सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ कार्ल वूज यांनी पेशीतल्या आरएनए या रेणूची तुलना करून काही सूक्ष्मजीव जिवाणूंहून मुळातच वेगळे असल्याचं दाखवलं आणि १९९० मध्ये सगळ्या सजीवांचे तीन मोठे विभाग सुचवले. मगर सरड्यापेक्षा पक्ष्यांना जवळची आहे, हे ऐकून मुलं वाद घालतील. घालू द्या, आणि पुरावा मागा.

६. तपासणी. प्लॅटिपस या ऑस्ट्रेलियातल्या प्राण्याचं कार्ड द्या: चोच आहे, अंडी घालतो, अंगावर केस आहेत. त्याची जागा ठरवण्याआधी आणखी काय माहीत हवं, हे प्रत्येकाने लिहायचं. ‘पिल्लांना दूध पाजतो का?’ असं विचारणाऱ्याला पूर्ण गुण द्या.