ऑइल गळतंय नेमकं कुठून? जुन्या टर्बो डिझेल गाडीची गळती शोधताना

गाडीखाली काळा डाग दिसला की लोक बरोबर त्या डागाच्या वर बघतात, तिथे जे ओलं असेल ते बदलायला सांगतात आणि महिन्याभराने पुन्हा तोच डाग पुसत बसतात. ऑइल ओघळतं खाली, आणि गाडी पळत असताना समोरून येणारा वारा त्याला मागे ढकलतो. त्यामुळे डाग ज्या जागी पडतो तिथे गळतीचं मूळ क्वचितच सापडतं. ते शोधायचं वर आणि पुढे.

आधी द्रव ओळखा

रात्री गाडीखाली पांढरा पुठ्ठा सरकवून ठेवा. डिझेल इंजिनाचं ऑइल काजळीमुळे काळंकुट्ट असतं. लालसर थेंब बहुधा पॉवर स्टीअरिंगचा किंवा ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा. गंधकासारखा उग्र वास आला तर गिअर ऑइल. थेंब बोटावर अगदी पातळ लागला आणि रॉकेलसारखा वास आला तर ते डिझेल आहे. इंजेक्टरच्या रिटर्न पाइपातून झिरपणारं डिझेल वाटेतली जुनी घाण विरघळवत खाली येतं आणि हुबेहूब ऑइल गळतीचं सोंग घेतं. या सोंगापायी टॅपेट कव्हरचं (इंजिनाच्या माथ्यावरच्या झाकणाचं) चांगलं पॅकिंग फेकून दिलेलं मी पाहिलंय.

डिपस्टिकवर (ऑइल मोजायच्या पट्टीवर) पातळी वरच्या खुणेच्याही वर असेल तर पहिल्यांदा ती खाली आणा.

धुवा

इंजिन थंड असताना डिग्रीझर, ब्रश आणि कमी दाबाचं पाणी. अल्टरनेटर, फ्यूज बॉक्स आणि कनेक्टर प्लास्टिकच्या पिशव्यांनी झाका. खालचं प्लास्टिकचं कव्हरही काढून धुवा. न धुता गळती दाखवतो म्हणणारा मेकॅनिक अंदाज सांगतोय, एवढं ओळखून असा.

वीस-तीस किलोमीटर फिरवा आणि बघा

टॉर्च आणि छोटा आरसा घ्या. सगळ्यात वरची ओली जागा शोधायची, सगळ्यात जास्त ओली नव्हे. वरून खाली या: टॅपेट कव्हर, व्हॅक्यूम पंप, टर्बोला (इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याला) ऑइल नेणारा पाइप, ऑइल फिल्टरचं हाउसिंग आणि कूलरची सील, ऑइल प्रेशर स्विच, टर्बोचा रिटर्न पाइप, आणि सरतेशेवटी क्रँकची (इंजिनाच्या मुख्य दांड्याची) सील आणि चेंबर, म्हणजे इंजिनाच्या तळाची ऑइलची टाकी. गळती बारीक असेल तर संशयाच्या जागा कोरड्या पुसून त्यावर टाल्कम पावडर भुरभुरवा. ऑइलची रेघ आपोआप उमटते. निळ्या दिव्याखाली चमकणारी डायही चांगली, पण ती ऑइल बदलतानाच नव्या ऑइलमध्ये घाला. काजळीने काळ्या झालेल्या जुन्या ऑइलमध्ये ती इतकी मंद दिसते की गळतीच नाही असं वाटतं.

सील बदलण्याआधी ब्रीदर तपासा

इथे मी स्वतः सपशेल फसलो होतो. टॅपेट कव्हरचं पॅकिंग बदललं, थोड्या दिवसांत क्रँकचं पुढचं सील गळायला लागलं. ते बदललं, तर डिपस्टिकच्या नळीतून ऑइल वर यायला लागलं. गॅरेजवाल्याचं निदान तयार होतं: गाडी जुनी झाली, इंजिन उतरवू. उतरवायच्या आदल्या दिवशी सहज म्हणून मी टॅपेट कव्हरवरचा ब्रीदर पाइप, म्हणजे इंजिनातला गॅस बाहेर सोडणारी नळी, काढला आणि दिव्यासमोर धरला. आरपार काहीच दिसेना. आत लोण्यासारखा पिवळट-काळा गाळ ठासून भरला होता. पाइप धुतला, एक नवं सील बसवलं आणि इंजिन आजतागायत जागचं हललेलं नाही.

कारण साधं आहे. सिलिंडरमधला थोडा गॅस पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून खाली चेंबरमध्ये उतरतोच, नव्या इंजिनातही. तो ब्रीदरमधून बाहेर पडून टर्बोच्या आधीच्या हवेच्या पाइपात जातो. ती वाट बुजली की चेंबरमध्ये दाब चढतो आणि जे सील सगळ्यात कच्चं असेल तिथून ऑइल ढकललं जातं. तुम्ही ते सील बदलता, मग दाब पुढचं कच्चं सील शोधतो.

तपासणी अशी करा. इंजिन चांगलं तापलेलं, न्यूट्रलवर, हँडब्रेक लावलेला. ऑइल भरायचं झाकण काढा आणि तोंडावर पातळ रबरी हातमोजा ताणून रबरबँडने घट्ट बांधा. (काही इंजिनांत झाकण काढताच ऑइलचे शिंतोडे उडतात, तिथे हाच प्रयोग डिपस्टिकच्या नळीवर करा.) बेल्टपासून सैल कपडे आणि हात लांब ठेवा. मोजा लुळा पडून राहिला किंवा किंचित आत ओढला गेला तर ठीक. काही सेकंदांत फुगून ताठ झाला तर दाब आहे.

मग ब्रीदरचा पाइप टॅपेट कव्हरच्या बाजूने काढा आणि मोज्याकडे पुन्हा बघा. आता तो लुळा पडला आणि कव्हरच्या तोंडातून साधी हलकी वाफ येत असेल तर पाइप किंवा त्याच्या पुढची वाट बुजलेली आहे. मोजा तसाच ताठ आणि उघड्या तोंडातून काहीच येत नसेल तर कव्हरच्या आतला सेपरेटर (गॅसमधलं ऑइल वेगळं करणारा भाग) किंवा पडद्याचा व्हॉल्व्ह अडकलाय. आणि तोंडातून इंजिनाच्या ठेक्यावर भक् भक् धूर येत असेल तर मेकॅनिक ज्याला बॅक कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला गॅस जास्त प्रमाणात खाली उतरणं) म्हणतात ते हे. तेव्हाही लगेच रिंगांवर शिक्का मारू नका. व्हॅक्यूम पंप ब्रेक बूस्टरमधून (ब्रेक दाबायला हलका करणाऱ्या डब्यातून) ओढलेली हवा इंजिनातच सोडतो. बूस्टरची नळी फाटलेली असेल तर तो अखंड हवा आत भरत राहतो. बूस्टरकडची नळी पंपावरून काढा, पंपाचं तोंड बंद करा आणि पुन्हा बघा. नळी काढलेली असताना गाडी हलवायची नाही, ब्रेक दगडासारखा होतो. एवढं करूनही धूर तसाच राहिला तर कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्या.

नुसतं झाकण उलटं ठेवून ते नाचतंय का बघायचं, हा सल्ला सगळीकडे मिळतो. डिझेल इंजिनावर झाकण थोडं नाचणारच. त्यावरून इंजिन गेलं म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

टर्बोला फाशी देण्याआधी

इंटरकूलरच्या (टर्बोची हवा थंड करणाऱ्या जाळीच्या) होजमध्ये ऑइलचा पातळ थर असतोच. तो ब्रीदरमधून येणाऱ्या वाफेचा. खालच्या जोडाशी तो साचतो आणि टर्बोच्या दाबाने क्लिपमधून झिरपतो. होज पुसा, क्लिप बदला, विषय संपला. होजमधून ऑइलची धार निघाली तर मात्र इंजिन बंद आणि थंड असताना टर्बोचा शाफ्ट हाताने हलवून बघा. आडवा किंचित प्ले (ढिलेपणा) चालतो. पुढे-मागे जाणवेल इतका प्ले असेल, किंवा पंखा घराला घासल्याच्या खुणा दिसल्या, तर टर्बो गेलाय. शाफ्ट ठणठणीत असेल तर एअर फिल्टर आणि रिटर्न पाइप बघा. टर्बोतून ऑइल खाली येतं ते केवळ उताराने. तो पाइप गाळाने अरुंद झाला की ऑइल तुंबतं आणि शाफ्टच्या सीलमधून वाट काढतं.

धार निघणारी गाडी चालवू नका. इंजिन स्वतःचंच ऑइल जाळत सुसाट सुटलं तर चावी बंद करूनही थांबत नाही. तशी वेळ आलीच तर मॅन्युअल गाडीत वरचा गिअर, ब्रेक पूर्ण दाबलेला आणि क्लच सोडून इंजिन बंद पाडणे. हवेच्या तोंडावर हात कधीही ठेवू नका.

‘मागचं सील गेलंय’

बेल हाउसिंगमधून (इंजिन आणि गिअरबॉक्स जोडणाऱ्या घरातून) थेंब पडला की हे वाक्य येतंच, आणि त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. बऱ्याच आडव्या इंजिनांत व्हॅक्यूम पंप कॅमशाफ्टच्या टोकाला, बरोबर गिअरबॉक्सच्या वर असतो. त्याचं ऑइल ओघळून थेट बेल हाउसिंगवर येतं. टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्याचंही तेच. वरचे हे दोन्ही भाग बोटाने चाचपून कोरडे लागल्याशिवाय गिअरबॉक्सला हात लावू देऊ नका.

बसवताना

टर्बोच्या पाइपांवर सिलिकॉन सीलंट लावू देऊ नका, कोणी कितीही गळ घातली तरी. लाखाहून जास्त आरपीएमने फिरणाऱ्या शाफ्टचं ऑइल एका सुटलेल्या तुकड्याने बंद पडू शकतं. तांब्याचे वॉशर दर वेळी नवे. टॅपेट कव्हरचे बोल्ट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कवरच; गळतंय म्हणून आवळत गेलात तर प्लास्टिकचं कव्हर वाकतं आणि गळती वाढते.

पुठ्ठा आठवडाभर तसाच गाडीखाली ठेवा. पहिल्या दोन रात्री एखादा थेंब पडेल. क्रॉसमेंबरच्या (इंजिनाखालच्या आडव्या पट्टीच्या) कोपऱ्यात अडकलेलं जुनं ऑइल उतरत असतं. तिसऱ्या रात्रीही थेंब पडला तर टॉर्च काढा आणि पुन्हा वरून सुरुवात करा.